गावचं बंद घर मुंबईतून पाहताना

शिमगा आटोपला, पालखी देवळात परतली, की कोकणातल्या कितीतरी घरांना पुन्हा कुलूप लागतं. आंब्या-फणसाच्या निमित्ताने मे महिन्यात ती आठ-दहा दिवस उघडतात, त्यानंतर थेट गणपतीला. मधल्या काळात माकडांनी कौलं फिरवली का, पडवीवर फांदी आली का, बेडं कोणी उघडं टाकलं का, याची चौकशी पूर्वी शेजारच्या काकांना फोन करून व्हायची. आता बऱ्याच वाड्यांपर्यंत फायबर पोचलंय. घराच्या चार कोपऱ्यांना चार कॅमेरे लागतात, माजघरात चित्रण साठवणारा डीव्हीआर बसतो, आणि बसवणारा जाताना मोबाइलमध्ये ॲप टाकून ‘आता कुठूनही बघा’ असं सांगून जातो.

अडचणी त्यानंतर सुरू होतात. महिनाभर चित्र दिसतं आणि एके दिवशी ‘डिव्हाइस ऑफलाइन’ अशी पाटी येते. बसवणाऱ्याला फोन केला तर ‘राउटर बंद करून चालू करा’ हे उत्तर मिळतं, आणि राउटर तर कुलपाआड! दुसरी अडचण याहून वाईट, कारण ती दिसत नाही. तुम्हाला घर दिसावं म्हणून जी वाट उघडली, ती परक्यांनाही उघडी राहिलेली असू शकते.

या दोन्हींवरचा उपाय दोन निर्णयांत आहे. एक, जोडणी नेहमी घरातून बाहेर निघावी. बाहेरून थेट घरात शिरता येईल अशी वाट ठेवू नये. दोन, त्या जोडणीचं खातं आणि पासवर्ड यांची मालकी बसवणाऱ्याकडे न राहता तुमच्याकडे असावी. पुढचं सगळं याच दोन गोष्टी प्रत्यक्षात कशा करायच्या याविषयी आहे. कॅमेऱ्यांचं उदाहरण घेतलंय, पण घरातला संगणक, फाइली साठवणारं यंत्र किंवा सोलर इन्व्हर्टर दुरून पाहायचा असेल तरी हिशेब हाच.

दुरून दिसणं अवघड का जातं

घरातल्या डीव्हीआरला एक आयपी पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०८. हा पत्ता चाळीतल्या ‘खोली नंबर १२’सारखा. चाळीत शिरलेल्या माणसाला तो पुरतो, पण पाकिटावर नुसतं ‘खोली नंबर १२’ लिहिलं तर पत्र कुठेच पोचणार नाही, कारण बारा नंबरची खोली चाळीचाळीत असते. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्तेही असेच घरोघर तेच ते. बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा सार्वजनिक पत्ता.

मेख अशी, की आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी आहेत, आणि जागतिक पातळीवरचा शिल्लक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरायला देतात. याला सीजीनॅट म्हणतात. मोबाइल डेटावर आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती फायबरवर हीच व्यवस्था असते. म्हणजे तुमच्या राउटरलाही स्वतःचा असा सार्वजनिक पत्ता नसतो.

तुमच्याकडे काय आहे, ते दोन मिनिटांत कळतं. घरच्या वायफायवर असताना राउटरचं पान उघडा. त्याचा पत्ता राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो; जिओच्या राउटरचा बहुधा १९२.१६८.२९.१. तिथे ‘वॅन’ या मथळ्याखाली दिसणारा आयपी लिहून घ्या. मग त्याच वायफायवरून गूगलवर ‘माझा आयपी काय’ असं इंग्रजीत शोधा आणि आलेला पत्ता त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही आयपीव्ही४ पत्ते सारखे असतील तर तुम्हाला सार्वजनिक पत्ता आहे. वॅनचा पत्ता १०.ने किंवा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. तो १९२.१६८ ने सुरू झाला तर वेगळी शंका घ्या: फायबर कंपनीची डबी आणि तुम्ही विकत घेतलेला राउटर असे दोन राउटर एकामागोमाग लागलेले असतील. तेव्हा डबीचं पान उघडून तिथला वॅन पत्ता पाहावा.

जुनी वाट: पोर्ट फॉरवर्डिंग

काही बसवणारे अजूनही राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून देतात. बाहेरून अमुक क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे राउटरच्या अमुक दारावर कोणी आलं की त्याला थेट डीव्हीआरकडे पाठव, अशी ती सूचना असते. हिकव्हिजनच्या यंत्रांना ८०००, दाहुआच्या यंत्रांना ३७७७७ हे ठरलेले पोर्ट. सार्वजनिक पत्ता बदलता असेल तर डीडीएनएस नावाची सोय लावतात, म्हणजे एक नाव त्या बदलत्या पत्त्याचा पाठलाग करतं.

सीजीनॅटवर ही युक्ती चालतच नाही. बसवणारा तासभर खटपट करतो आणि शेवटी ‘कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्या’ म्हणतो. जादा पैसे भरून तो घेताही येतो, पण घरगुती कॅमेऱ्यांसाठी घेऊ नये. कारण या वाटेने जोडणी बाहेरून आत येते, आणि दारावर येणारा प्रत्येक जण थेट डीव्हीआरच्या पासवर्डपाशी पोचतो.

तिथे काय होतं, ते २०१६ मध्ये जगाने पाहिलं. मिराई नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर उघडे असलेले डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर शोधत फिरायचा आणि कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या सुमारे ६० ठरीव जोड्या लावून पाहायचा. तेवढ्यावर लाखो यंत्रं त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांनी डाइन या अमेरिकी कंपनीवर एकाच वेळी मारा केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांच्यासारख्या सेवा काही तास अनेकांसाठी बंद पडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. त्यांना चित्र नेहमीसारखंच दिसत होतं.

पासवर्ड चांगला असला तरी निर्धास्त राहता येत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक यंत्रांत अशी त्रुटी उघड झाली, की पासवर्ड माहीत नसतानाही यंत्राचा पूर्ण ताबा घेता येत होता. कंपनीने दुरुस्त फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर दिलं, पण बंद घरातल्या डीव्हीआरमध्ये ते टाकायला कोण जाणार? पोर्टचा क्रमांक बदलून लपता येईल, ही समजूतही सोडून द्यावी. शोडानसारखी सर्च इंजिनं इंटरनेटवरची उघडी यंत्रं शोधून त्यांची यादीच करत असतात.

तेव्हा गावी गेल्यावर पहिलं काम: राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडा आणि डीव्हीआरच्या नावे असलेल्या नोंदी काढून टाका. त्याच्या आसपास ‘यूपीएनपी’ असा पर्याय दिसेल. तो राउटरमध्येही बंद करा आणि डीव्हीआरमध्येही. तो चालू राहिला तर डीव्हीआर तुम्हाला न विचारता राउटरकडून स्वतःसाठी पोर्ट उघडून घेऊ शकतो.

सोपी वाट: पी-टू-पी

आजकालच्या जवळजवळ प्रत्येक डीव्हीआरमध्ये ही सोय असते. डीव्हीआर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी जोडला जातो आणि जोडणी चालू ठेवतो. तुमच्या मोबाइलमधलं ॲपही त्याच सर्व्हरकडे जातं. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. थेट गाठ पडली नाही तर चित्र सर्व्हरमार्फत येतं. दोन्हीकडून जोडणी आतून बाहेर निघते, म्हणून सीजीनॅट आड येत नाही आणि राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. हिकव्हिजनसाठी हिक-कनेक्ट, दाहुआसाठी डीएमएसएस अशी कंपन्यांची आपापली ॲप आहेत.

ही जोडणी स्वतः करा, किंवा बसवणाऱ्याला शेजारी बसवून तुमच्या मोबाइलवर करून घ्या. क्रम असा ठेवावा.

खातं आधी, तुमच्या नावाने. बसवणारे घाईत स्वतःच्याच खात्यात डीव्हीआर जोडतात आणि तुम्हाला तिथून नुसतं ‘शेअर’ करतात. मग खरा मालक तो. त्याने फोन बदलला, धंदा बंद केला किंवा पैशांवरून वाजलं, की तुमचं चित्र गेलं. आणि तोवर तुमचं अंगण त्यालाही दिसत असतं. असे बहुतेक डीव्हीआर एका वेळी एकाच खात्याच्या नावावर राहतात, त्यामुळे त्याने तो आपल्या खात्यातून काढल्याशिवाय तुम्हाला जोडता येत नाही. नवं घर असो की जुनं, ‘हा डीव्हीआर कोणाच्या खात्यावर आहे?’ हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारा. त्यात भिडस्तपणा नको.

खातं उघडताना कायम टिकणारा ईमेल द्या. परदेशात राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं: भारतातला मोबाइल नंबर रिचार्जअभावी बंद पडला की ओटीपी येणार नाही. काही ॲप सुरुवातीला देश विचारतात आणि नंतर तो बदलू देत नाहीत. डीव्हीआर भारतात आहे, तेव्हा भारत निवडावा. दोन टप्प्यांची पडताळणी दिसली तर चालू करून टाका.

आता डीव्हीआरचा पासवर्ड. अलीकडची यंत्रं पहिल्यांदा चालू करताना तुमचा स्वतःचा पासवर्ड मागतात, पण बसवणारा सवयीने गावातल्या सगळ्या घरांत एकच टाकतो. तो बदला. चार साधे मराठी शब्द रोमन लिपीत जोडून मध्ये एक-दोन आकडे घातले तर लांबलचक पण ध्यानात राहणारा पासवर्ड होतो. घराचं नाव, कुलदैवत, गाडीचा नंबर नको. वाडीत ते सगळ्यांनाच ठाऊक असतात. ॲपच्या खात्याचा पासवर्ड याहून वेगळा ठेवा.

मग डीव्हीआरच्या नेटवर्क विभागात जाऊन पी-टू-पी किंवा ‘प्लॅटफॉर्म ॲक्सेस’ चालू करा. खाली ‘ऑनलाइन’ अशी अक्षरं उमटायला हवीत. ती उमटत नसतील तर बहुतेक वेळा घोडं एकाच जागी अडलेलं असतं: डीव्हीआरला आयपी हाताने दिलेला असतो आणि गेटवे किंवा डीएनएस चुकीचा. गेटवेच्या जागी राउटरचा पत्ता हवा, डीएनएसच्या जागी ८.८.८.८ चालतो. इंटरनेट कंपनी बदलली, नवा राउटर आला, की जुना गेटवे निरुपयोगी होतो. ‘कंपनी बदलल्यापासून कॅमेरे दिसत नाहीत’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच सापडतं.

शेवटी ॲपमधून डीव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. त्या कोडमध्ये यंत्राचा अनुक्रमांक असतो. काही यंत्रं त्यासोबत पडताळणीचा एक संकेतही मागतात. तो कागदावर लिहून ठेवा. क्यूआरचा फोटो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची वस्तू नाही.

या वाटेला एक मर्यादा आहे. कंपनीच्या सर्व्हरवर तुमचा विश्वास असावा लागतो, आणि कंपनीने सेवा बंद केली तर सोयही संपते. त्यामुळे बिननावाचा स्वस्त डीव्हीआर टाळावा. केंद्राच्या नियमांनुसार एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्यांतून जावं लागतं. नवा संच घेताना दुकानदाराला या मॉडेलचं प्रमाणपत्र आहे का, हे विचारा.

पक्की वाट: स्वतःचं व्हीपीएन

ज्यांना कंपनीच्या सर्व्हरवर विसंबायचं नाही, किंवा डीव्हीआरखेरीज राउटर, संगणक, प्रिंटर असं सगळंच दुरून हाताळायचं आहे, त्यांच्यासाठी व्हीपीएन. ते जोडलं की मुंबईतला तुमचा मोबाइल जणू गावच्याच वायफायवर येतो. डीव्हीआर १९२.१६८ च्या पत्त्यानेच उघडतो, आणि राउटरचं पानही.

वायरगार्ड हा त्यासाठीचा वेगवान आणि सुटसुटीत प्रकार. मार्च २०२० मध्ये तो लिनक्सच्या मूळ गाभ्यातच सामील झाला. पण नुसतं वायरगार्ड घरी बसवायचं तर सार्वजनिक पत्ता लागतो, म्हणजे सीजीनॅटवर पुन्हा तीच अडचण. ती टेलस्केलसारख्या सेवा सोडवतात. आत वायरगार्डच असतं, पण घरातलं यंत्र आणि मोबाइल हे दोघे आधी बाहेर जाऊन सेवेच्या सर्व्हरवर एकमेकांचा ठावठिकाणा घेतात. घरगुती वापरासाठी मोफत योजना आहे.

डीव्हीआरमध्ये टेलस्केल टाकता येत नाही. त्यासाठी घरात सतत चालू राहणारं एक छोटं यंत्र हवं. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पुरतो. जुना लॅपटॉपही चालेल, पण बंद घरात वर्षानुवर्षे चार्जिंगवर राहिलेली त्याची बॅटरी फुगण्याचा धोका असतो. या यंत्राला ‘सबनेट राउटर’ करायचं, म्हणजे घरातल्या सगळ्या पत्त्यांकडे जाणारी वाट ते दाखवेल. यंत्रावर ही सूचना दिल्यावर टेलस्केलच्या खात्यात जाऊन तिला मंजुरीही द्यावी लागते. अनेक जण तिथेच विसरतात आणि ‘जोडलंय पण उघडत नाही’ म्हणून हैराण होतात.

दोन बारकावे आधीच सांभाळा. पहिला पत्त्यांचा. मुंबईच्या आणि गावच्या घरात एकाच कंपनीचे राउटर असतील तर दोन्हीकडे पत्त्यांचा पट्टा सारखाच असतो. मग मोबाइलला १९२.१६८.२९.५० म्हणजे इथला की तिथला, हे कळत नाही. गावच्या राउटरमध्ये पट्टा बदलून १९२.१६८.४७ असा काही वेगळा करा आणि डीव्हीआरचा पत्ता व गेटवेही त्याप्रमाणे बदला.

दुसरा मुदतीचा. टेलस्केलमध्ये प्रत्येक यंत्राच्या किल्लीची मुदत मुळात १८० दिवसांची असते. ती संपली की पुन्हा लॉगइन करावं लागतं. गणपतीत बसवलेली जोडणी शिमग्याच्या सुमारास अचानक तुटते ती यामुळे. घरातल्या त्या एका यंत्रापुरती मुदत संपण्याची अट खात्यात जाऊन बंद करा. मोबाइलची मात्र तशीच राहू द्या. फोन हरवला तर ती कामाला येते.

माझा सल्ला असा: फक्त अंगण पाहायचं असेल तर पी-टू-पी नीट करून घ्या आणि तिथेच थांबा. घरात तंत्रज्ञानाची आवड असलेलं कोणी असेल तर दोन्ही वाटा ठेवा. डीव्हीआर ‘ऑफलाइन’ दिसला तरी व्हीपीएनमधून राउटर आणि डीव्हीआर मुंबईत बसून रिस्टार्ट करता येतो, हा फायदा मोठा आहे.

इंटरनेट किती लागतं

दुरून पाहताना घरच्या इंटरनेटचा डाउनलोडचा वेग कामाचा नसतो, अपलोडचा लागतो. प्रत्येक कॅमेऱ्याचे दोन प्रवाह असतात. ‘मेन स्ट्रीम’ हार्ड डिस्कवर साठवायला, ‘सब स्ट्रीम’ मोबाइलवर पाहायला. मेन स्ट्रीम ४ एमबीपीएसचा असेल तर चार कॅमेरे एकदम पाहायला १६ एमबीपीएस अपलोड लागेल. सब स्ट्रीम ५१२ केबीपीएसचा ठेवला तर दोनच एमबीपीएसमध्ये भागतं. ॲपमध्ये नेहमीसाठी सब स्ट्रीम निवडा. एखाद्याचा चेहरा किंवा गाडीचा नंबर वाचायचा असेल तेवढ्यापुरता मेनवर जा.

फायबर नसेल आणि सिमकार्डच्या राउटरवर काम चालवायचं असेल तर हा हिशेब जास्तच महत्त्वाचा. ५१२ केबीपीएसचा एक कॅमेरा तासभर पाहिला की सुमारे २३० एमबी डेटा जातो. दिवसाला दीड-दोन जीबीच्या योजनेत चारही कॅमेरे दोन तास उघडे ठेवले तर कोटा संपला. आणि सिमच्या रिचार्जची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरवर लावून ठेवा. अर्धे ‘बिघाड’ रिचार्ज संपल्याचे असतात.

साठवणीचा हिशेबही एकदा करा. २ एमबीपीएसचे चार कॅमेरे दिवसाला सुमारे ८६ जीबी भरतात. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर जेमतेम अकरा दिवसांचं चित्रण राहतं, त्यानंतर जुन्यावर नवं चढतं. महिन्यातून एकदा ॲप उघडणाऱ्याला तीन आठवड्यांपूर्वी काय झालं ते सापडणार नाही. हालचाल झाली तरच चित्रण करण्याची सोय लावली तर हीच डिस्क कितीतरी जास्त दिवस पुरते. डीव्हीआरचं घड्याळही इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं करा. वेळक्षेत्र जीएमटी अधिक साडेपाच तास हवं. पोलिसांना चित्रण द्यायची वेळ आली तर त्यावरची वेळ बरोबर असणं फार महत्त्वाचं ठरतं.

लाइट आणि पाऊस

गावाकडे जोडणी तुटण्याचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे लाइट जाणं. राउटर आणि फायबरची डबी यांच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो त्यांना काही तास चालवतो. घेण्याआधी दोन्हींच्या अडॅप्टरवरचे आकडे जुळवून पाहा. डीव्हीआर आणि कॅमेरे यांना जास्त शक्ती लागते, त्यांच्यासाठी वेगळा यूपीएस हवा. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून त्यावर विसंबायचं तर बॅटरीत पाणी कोण घालणार, हेही ठरवावं.

राउटर अधूनमधून अडकतो. त्यावर स्वस्तातला उपाय म्हणजे सॉकेटमध्ये बसणारा टायमर. पहाटे पंधरा मिनिटं राउटरची वीज तोडून पुन्हा जोडायची, असं लावून ठेवा. छोटा यूपीएस असेल तर मात्र हा टायमर कामाचा नाही: यूपीएसच्या पुढे राउटरकडे १२ व्होल्टची वायर जाते, तिथे तो बसत नाही. आणि यूपीएसच्या आधी बसवला तर राउटर बंदच होणार नाही. डीव्हीआर मात्र टायमरवर लावू नका, चालू डिस्कची वीज रोज तोडणं बरं नाही. त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आठवड्यातून एकदा आपोआप रिस्टार्ट होण्याची सोय असते.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा जास्त. फायबरच्या काचेतून विजेचा झटका येत नाही. तो येतो विजेच्या तारेतून आणि अंगणभर ओढलेल्या कॅमेऱ्यांच्या तांब्याच्या वायरीतून. घराचं अर्थिंग तपासून घ्या, लांबच्या कॅमेऱ्यांना सर्ज प्रोटेक्टर लावा. डीव्हीआर भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात ओल धरते.

फर्मवेअरची सुधारणा गावी असतानाच करावी, आणि यूपीएस चालू असताना. मुंबईतून करायला गेलात आणि मध्येच लाइट गेली तर यंत्र कायमचं बंद पडू शकतं.

कुलूप लावण्याआधी

निघण्याच्या आदल्या दिवशी दोन परीक्षा घ्या, शेवटच्या तासाला नको.

पहिली: मोबाइलचं वायफाय बंद करून फक्त मोबाइल डेटावर ॲप उघडा. चारही कॅमेरे दिसले पाहिजेत आणि कालचं चित्रणही मागे जाऊन पाहता आलं पाहिजे. घरच्या वायफायवर दिसतंय याला काही अर्थ नाही, तिथे ते दिसणारच. अंगणात रेंज नसेल तर मुंबईतल्या कोणाला तरी पाहायला सांगा.

दुसरी: घराचा मेन स्विच बंद करा आणि यूपीएसही बंद करा. दहा मिनिटांनी सगळं चालू करा आणि कशालाही हात न लावता थांबा. राउटर, डीव्हीआर, कॅमेरे आणि असेल तर रास्पबेरी पाय आपणहून उठून ॲपमध्ये हजर झाले, तर जोडणी खरी. एखादं यंत्र बटण दाबल्याशिवाय उठत नसेल तर ते आजच कळू द्या.

ॲपवर येणाऱ्या सूचनांची छाननीही इथेच करा. हलणाऱ्या माडाच्या झावळ्या, पाऊस, रात्री कॅमेऱ्याच्या लाल उजेडाकडे येणारे किडे आणि त्यांच्यासाठी कोळ्याने विणलेलं जाळं, या सगळ्यांना कॅमेरा ‘हालचाल’ समजतो. दिवसाला शंभर सूचना आल्या की माणूस त्या पाहणंच सोडतो. हालचाल टिपण्याचा भाग बेडं, मागचं दार, पडवीची पायरी एवढ्यापुरता आखा. फक्त माणूस ओळखण्याची सोय असेल तर ती वापरा.

कोणाला काय दिसावं

मुख्य खातं एकाकडे ठेवा. बाकीच्या भावंडांना ॲपमधून शेअर करा आणि अधिकार पाहण्यापुरतेच द्या: चित्र दिसेल, जुनं चित्रण पाहता येईल, पण सेटिंग बदलता किंवा काही पुसता येणार नाही. डीव्हीआरमध्येही मुख्य नावाखेरीज असं पाहण्यापुरतं दुसरं नाव तयार करता येतं. वर्षातून एकदा ती यादी उघडून पाहा. जुने फोन, काम संपलेला बसवणारा, पूर्वीचा गडी यांची नावं काढून टाका.

कॅमेऱ्यांचं तोंड आपल्या आवारापुरतं असावं. सामाईक वाट, शेजाऱ्याचं अंगण, विहिरीचा काठ त्यात येत असेल तर कोन बदला, किंवा चित्राचा तेवढा भाग झाकण्याची सोय डीव्हीआरमध्ये असते ती वापरा. गावात आईवडील राहत असतील तर हा प्रश्न आणखी नाजूक होतो. कॅमेरा अंगणात आणि दारावर ठीक आहे. माजघरात लावायचा तर त्यांना विचारून, कधी आणि कोण पाहतं हे सांगून. काळजीपोटी लावलेला असला तरी आपल्याच घरात चोवीस तास कोणीतरी पाहतंय, हे सगळ्यांना सोसत नाही.

आणि कॅमेरा काही करू शकत नाही, तो दाखवतो फक्त. काही दिसलं तर दहा मिनिटांत घरापाशी पोचेल असा माणूस लागतोच. त्याचा नंबर, जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर, इंटरनेटचा ग्राहक क्रमांक, राउटर आणि डीव्हीआरचे पत्ते, कुठला प्लग कशाचा, एवढं एका कागदावर लिहा. एक प्रत मुंबईत ठेवा आणि एक त्या माणसाकडे. पासवर्ड मात्र फक्त मुंबईच्या प्रतीवर. पुढच्या वेळी ‘ऑफलाइन’ दिसलं, तर फोनवर ‘खिडकीजवळचा डावीकडचा प्लग काढून पुन्हा लावा’ एवढंच सांगावं लागेल.